सुतळीएवढी धार

दारावर तिसऱ्यांदा थाप पडली तेव्हा कुठे मिस्त्रींना जाग आली. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात लोकरी मोजे अशा थाटात ते उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात तीन माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती.

"तुमच्याकडे पाणी येतंय का हो?" पुढच्या बाईने विचारलं. तिच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती. तळमजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. "सगळ्या बिल्डिंगला थेंब नाही. टाकी काल संध्याकाळी काठोकाठ भरली होती, मी स्वतः बघितली."

"न यायला काय झालं? रात्रभर चालू आहे," मिस्त्री म्हणाले. "झोपताना मीच दोन्ही नळ सोडून ठेवलेत."

"सोडून ठेवलेत?"

"सुतळीएवढी धार. जास्त नाही. पाइप गोठू नयेत म्हणून."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. हे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. "गोठू नयेत म्हणून," ते सावकाश म्हणाले; वर्गात एखाद्याचं चुकीचं उत्तर सगळ्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा म्हणावं तसं.

तेवढ्यात आतून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला. "अहो, नळातून नुसती हवा येतेय."

एकतीस वर्षं ज्याने एका अख्ख्या शहराला पाणी पुरवलं, त्याने परगावी पाय ठेवल्या ठेवल्या पहिल्याच रात्री सहा बिऱ्हाडांची टाकी रिकामी केली, याला हात दाखवून अवलक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? मिस्त्रींनी कानटोपी काढून हातात घेतली. ती घेऊन काय करावं ते न सुचून पुन्हा घातली. आता बोलणी खायची म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. त्यांच्या गावी असं झालं असतं, तर लोकांनी दार लावून घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली असती.

इथे टेलरबाई हसायला लागली. इतकी हसली की जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या हसण्याने तिसरा माणूसही हसू लागला आणि मास्तर म्हणाले, "पाहुणे, इथे नळ गोठत नाहीत. इथे आम्हीच वितळतो."

दहा मिनिटांत शेजारच्या बिल्डिंगमधून बादल्या येऊ लागल्या आणि त्यातली पहिली मिस्त्रींच्या दाराशी ठेवली गेली. पाहुण्यांना आधी, असं कोणीतरी खालून ओरडून सांगितलं. मिस्त्रींची बायको पदराने तोंड झाकून उभी होती. ती शरमेने उभी आहे असं मिस्त्रींना वाटलं. नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तीही हसते आहे.

नळ सोडून झोपायचं, हे तिकडे त्यांनीच घरोघर जाऊन शिकवलं होतं. हिवाळा लागला की ते गल्लीगल्लीतून फिरायचे, दारं ठोकायचे आणि एकच वाक्य म्हणायचे: "थेंब नाही, धार, आणि धार सुतळीएवढी." वाहतं पाणी गोठत नाही. जी घरं हिवाळाभर बंद राहायची, त्यांच्यासाठी दुसरा उपाय होता. जिन्याखालचा व्हॉल्व्ह बंद करायचा, घरातले सगळे नळ उघडायचे आणि पाइपातलं शेवटचं पाणी जाऊ द्यायचं. याला तिकडे घर कोरडं करणं म्हणत. अमक्याने घर कोरडं केलं म्हटलं की लोक समजत, आता हा उन्हाळ्याशिवाय तोंड दाखवत नाही.

लोकांची शेकडो घरं मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने कोरडी केली होती. या वेळी स्वतः निघताना मात्र बायकोने विचारलं, "घर कोरडं करायचं ना?" तर म्हणाले, "चार आठवड्यांसाठी कशाला?" आणि शेजारच्या नर्सबाईंकडे किल्ली देऊन, रोज संध्याकाळी धार तपासायला सांगून आले.

मुळात हे निघणंच एकतीस हिवाळे उशिरा झालं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको घरामागच्या हिरव्या नळाखाली भांडी घासताना कुडकुडत म्हणाली होती, की एखाद्या हिवाळ्यात उबदार गावी जाऊन येऊ. मिस्त्री म्हणाले होते, "बघू." पाणीखात्याच्या माणसाला हिवाळ्यात रजा मिळत नाही, हे खरंच होतं. पण मिस्त्रींनी ती कधी मागितलीही नाही, हेही तितकंच खरं होतं. बर्फ पडला, की सारं शहर त्यांच्या नावाने हाका मारायचं. रस्त्याखालचा कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते फक्त त्यांना ठाऊक होतं. ऑफिसातला नकाशा त्यांच्या जन्माआधीचा होता आणि त्यातले रस्ते केव्हाच बदलले होते. मिस्त्री बर्फावर उभे राहायचे, बेकरीच्या पायरीकडे बघायचे, सात पावलं चालायचे आणि म्हणायचे, "खणा इथे." व्हॉल्व्ह तिथेच निघायचा. मोठे साहेबसुद्धा टोपी काढायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. जाण्याआधी साहेब म्हणाले होते, "हे सगळं एकदा लिहून द्या." मिस्त्री म्हणाले, "देतो." दिलं नाही. विसरले होते अशातला भाग नव्हता. माणूस म्हटला की हातचं काहीतरी राखतोच. त्यांनी एक शहर राखलं होतं.

बायको काजं करायची. कोटाची, शर्टाची, हाताने केलेली काजं. बाजारातले चार शिंपी तिच्याकडे गठ्ठे पाठवायचे. तिचं काज उलटं करून पाहिलं तरी सुलटं वाटायचं, इतका टाका सारखा. पण तीन हिवाळ्यांपूर्वी तिची बोटं आखडू लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. डॉक्टर म्हणाले, थंडी टाळा. त्या गावात थंडी टाळायची म्हणजे माशाने पाणी टाळण्यापैकी होतं. तिने सुई-अंगुस्तान डब्यात ठेवलं, डबा कपाटावर ठेवला आणि त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. शेवटी लेकीनेच खोली ठरवली, तिकिटं काढली आणि फोनवर बापाला सुनावलं, "आता तरी 'बघू' म्हणू नका."

टाकी रिकामी केल्याची भरपाई म्हणून बायको दुसऱ्या दिवशी खाली टेलरबाईकडे गेली. "नुसती बसते जरा, मदत काही होणार नाही माझ्याकडून," असं सांगून गेली ती जेवायच्या वेळेला परतली. नंतर रोजच जाऊ लागली. तिकडे आठ आठ दिवस तिचा आवाज मिस्त्रींशिवाय कोणी ऐकत नसे. हिवाळ्यात खिडक्या बंद, दारं बंद, रस्त्यावर माणसं एकमेकांना टोपीवरून ओळखायची. इथे कोणाचं दार लागलेलं नसे. गॅलरीतून गॅलरीत बोलणी चालायची. वरून मास्तर वर्तमानपत्रातलं काहीतरी मोठ्याने वाचायचे, खालून टेलरबाई त्यावर मत द्यायची आणि मधल्या मजल्यावरून मिस्त्रींची बायको दोघांनाही म्हणायची, "तसं नसतं हो." ती असं कोणाला म्हणू शकते, हे मिस्त्रींना या वयात कळत होतं.

टाकीच्या प्रकरणामुळे बिल्डिंगने मिस्त्रींचं नाव 'सुतळी' ठेवलं. "काय सुतळीकाका, आज थंडी कशी काय?" असं कोणीही विचारायचं. आणि झोपण्यापूर्वी बायको रोज दोन्ही नळ स्वतः घट्ट आवळून बघायची. मिस्त्रींनी आवळले असले तरी.

त्यांचा दिवस मात्र जाता जात नसे. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि फोनकडे बघायचे. फोन यायचा. त्यांच्या जागी आलेला चष्मेवाला इंजिनिअर अकराच्या सुमारास हमखास फोन करायचा.

"मिस्त्री, शाळेमागची लाइन बंद करायची आहे. सापडत नाही."

"कशी सापडेल? तुम्ही खांबाच्या डाव्या हाताला बघत असणार. उजवीकडे या. भिंतीला पाठ लावा. आता पाच पावलं."

सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ते उंटावरून शेळ्या हाकत. एकाबद्दल विचारलं की एकच सांगत. त्याच्या पुढचा कुठे आहे ते सांगत नसत. पुढचा उद्या लागेल, मग उद्या फोन येईल. बायको कपडे वाळत घालता घालता ऐकायची. ती काही खुळी नव्हती. कुठे पाणी मुरतंय ते तिला पाणीखात्याच्या माणसापेक्षा बरं कळत होतं. बोलायची मात्र नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मिस्त्री चहाची पूड आणायला खाली उतरले. टेलरबाईच्या दुकानाचं दार उघडंच होतं. मशीन बंद होतं आणि बाई गिऱ्हाइकाचं माप घेत होती. कोपऱ्यात, खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्यांची बायको बसली होती. मांडीवर एक करडा कोट होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं, दुसऱ्या कोणाचं तरी, जरा सैल. ती काज करत होती. टाका घ्यायची, दोरा ओढायची, अंगठ्याच्या नखाने टाका दाबायची, पुन्हा घ्यायची. पूर्वीसारखं भरभर नव्हे. पण बोटं वाकत होती आणि सरळ होत होती.

तिचं तोंड मिस्त्रींना एका बाजूने दिसत होतं. ती खालचा ओठ जरासा दाताखाली धरून बसली होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी असंच बसायची. मिस्त्री एकतीस वर्षं तिच्याबरोबर त्याच घरात राहत होते आणि ही बाई अशी बसायची, हे ते साफ विसरून गेले होते. ते आवाज न करता वर आले. चहाची पूड आणायची राहूनच गेली.

संध्याकाळी टेलरबाईने त्यांना जिन्यात गाठलं. "काका, सरळच बोलते. ताईंना इथे बरं वाटतंय. दोन आठवड्यांनी तिकडे गेलात की पुन्हा बोटं आखडणार. उन्हाळा लागेपर्यंत राहा की. खोली काही पळून जात नाही. आणि मला हाताने काजं करणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही."

"ती म्हणाली का असं?"

"ताई? त्या कशाला म्हणतील? त्या म्हणाल्या, ह्यांचा तिकडे जीव आहे."

मिस्त्री म्हणाले, "बघू." शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

सोळाव्या दिवशी दुपारी जो फोन आला तो चष्मेवाल्याचा नव्हता. मोठे साहेब स्वतः बोलत होते. बाजारचौकातली मुख्य लाइन फुटली होती. रस्त्यावर पाण्याचा बर्फ होत चालला होता, दोन माणसं घसरून पडली होती आणि व्हॉल्व्ह काही सापडत नव्हता. तीन ठिकाणी खणून झालं होतं. "आत्ता मागून सगळ्या भागाचं पाणी बंद केलंय," साहेब म्हणाले. "पण किती वेळ ठेवणार? मिस्त्री, तुमच्याशिवाय होणार नाही. सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर निघून या. तिकिटाचं मी बघतो."

मिस्त्री खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांची छाती भरून आली होती, हे कशाला लपवायचं? बाजारचौकातला व्हॉल्व्ह त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. घड्याळाच्या दुकानाचा कोपरा, तिथून अकरा पावलं चौकाकडे, मग दोन डावीकडे. एका श्वासात सांगून झालं असतं.

"फोनवर नाही हो सांगता येणार, साहेब," ते म्हणाले. "जागेवर पाय ठेवल्याशिवाय नाही कळत. उद्या सकाळच्या गाडीने निघतो."

फोन ठेवून ते आत वळले. बायकोने पलंगाखालून बॅग ओढून बाहेर काढली होती आणि पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने फोन ऐकला होता. ती रागावली नव्हती, रुसली नव्हती. एकतीस वर्षं कोणत्याही वेळेला फोन आला की ती अशीच उठायची, थर्मास भरायची, कोरडे मोजे काढून ठेवायची. तसंच आता करत होती.

"तुमचा स्वेटर वरच ठेवलाय," ती म्हणाली. "गाडीत लागेल. टेलरबाईंच्या कोटाची चार काजं राहिलीत, तेवढी संध्याकाळपर्यंत करून देते. मग मी मोकळी."

"तू राहिलीस तरी चालेल. चार आठवडे भरेपर्यंत."

"तुम्हाला तिथे एकट्याला चहा तरी येतो का करता?" ती म्हणाली आणि शर्टाची बाही सरळ केली.

मिस्त्री तिच्या हातांकडे बघत होते. बाही सरळ करून तिने घडी घातली, घडीवरून बोटं फिरवली. बोटं सरळ होती. परवापासून ही पुन्हा त्या खोलीत, शेगडीशी हात धरून बसेल आणि काही बोलणार नाही. तिचं न बोलणं आपल्याला एकतीस वर्षं फार सोयीचं पडलं, हे त्यांना त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं. मघाशी फोनवर आपण खोटं बोललो, हेही कळलं. तिकडे एका अख्ख्या भागाचं पाणी बंद होतं आणि आपण इथे फुशारकी मारत होतो. टाकी रिकामी केली तेव्हा निदान ते नकळत झालं होतं.

"अगं, थांब जरा," ते म्हणाले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी फोन लावला.

"साहेब, मिस्त्री बोलतोय. लिहून घ्या. घड्याळाच्या दुकानाचा कोपरा. तिथून अकरा पावलं चौकाकडे तोंड करून... हो, फोनवर. सांगता येतं. मघाशी माझंच जरा चुकलं. अकरा, मग दोन डावीकडे. खाली फरशी लागेल, तिच्याखाली आहे. फोन चालू ठेवा, मी थांबतो."

पाऊण तास ते थांबले. फोनमधून फावड्यांचा आवाज येत होता, माणसं ओरडत होती. मग चष्मेवाल्याचा आवाज आला, "सापडला." फोन ठेवून मिस्त्रींनी बायकोला विचारलं, "टेलरबाईंकडे एखादी कोरी वही असेल?"

"कशाला?"

"लिहायचंय. माझं अक्षर कोणाला लागत नाही. तू लिही."

टेलरबाईने मापांची नवी वही दिली. गळा, छाती, बाही, उंची असे रकाने छापलेली. पुढच्या तीन दुपारी दोघं गॅलरीत बसली. मिस्त्री डोळे मिटून गल्ल्यांमधून चालत आणि बायको लिहीत जाई. एकूण चौसष्ट व्हॉल्व्ह. गळ्याच्या रकान्यात गल्ली, छातीच्या रकान्यात खूण, बाहीच्या रकान्यात पावलं. पहिल्या दिवशी ती दर पानानंतर थांबून हात झटकत होती. तिसऱ्या दिवशी थांबली नाही.

"एकविसावा. नर्सरीच्या भिंतीला लागून. चार पावलं. हा फार त्रासाचा. तुला तो मोठा ताप आला होता ना, त्या वर्षी दोन दिवस तिथेच होतो."

तिने लिहिणं थांबवलं. "तिथे होतात?"

"मग कुठे?"

"नर्सरी म्हणजे आपल्या मागच्या गल्लीत. मला वाटत होतं, शहराच्या पार त्या टोकाला असाल. म्हणून येत नाही."

खालून शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. मिस्त्रींनी डोळे उघडले. मग म्हणाले, "यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं. मला वाटायचं, तुम्हाला घर नकोसं आहे."

"नकोसं नव्हतं गं. बाहेर सगळे मला विचारायचे. घरी तू कधीच काही विचारत नव्हतीस. मला वाटायचं, घरात माझ्यावाचून काही अडलेलं नाही."

"विचारून तुम्ही 'बघू' म्हणणार. मग विचारायचं कशाला?" तिने पेन पुन्हा कागदावर टेकवलं. "बाविसावा सांगा."

मास्तरांनी आपल्या फोनवर वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले. पाठवण्याआधी शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या, त्या बायकोने दुरुस्त केल्या. मोठ्या साहेबांचा फोन आला. ते फार चांगलं बोलले. ही वही म्हणजे ठेवाच आहे, असं म्हणाले; पुढच्या माणसाची चिंता मिटली म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला नाही. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला, बॅटरी पाहिली, आवाज मोठा केला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. मास्तर वरून म्हणाले, "सुतळीकाका, आज शेळ्या कुठे गेल्या?" मिस्त्री हसले. पण वाईट वाटलं ते वाटलंच. दहा माणसांना चौसष्ट जागा समजल्या की त्यात आपलं असं काय उरलं, हा विचार त्यांना दिवसभर सोडत नव्हता.

बॅग अजून पलंगावरच होती, अर्धी भरलेली. बायकोने ती ना पुरती भरली होती ना रिकामी केली होती. ती काही विचारत नव्हती. चार आठवड्यांतले सहा दिवस उरले होते. करडा कोट पुरा झाला होता आणि आता टेलरबाईने दुसरा, काळा, तिच्या मांडीवर दिला होता. त्याला नऊ काजं होती.

त्या दिवशी चार वाजता मिस्त्रींनी नर्सबाईंना फोन लावला. दाराच्या आतल्या बाजूला बायको काळा कोट घेऊन बसली होती.

"नर्सबाई, ड्यूटी नाही ना आता? एक काम होतं. किल्ली घेऊन आमच्या घरात जाता का जरा?"

"धार आहे हो चालू. काल संध्याकाळीच बघितली मी. सुतळीएवढी, तुम्ही सांगितली तशी."

"ती आता नको. जिन्याखाली लाल चाक आहे, ते उजवीकडे पार आवळा. मग आत जाऊन सगळे नळ पूर्ण उघडा. स्वयंपाकघरातला, न्हाणीतला आणि मागे भांडी घासायचा हिरवा नळ आहे, तो सगळ्यात शेवटी. तो सगळ्यात खाली आहे."

"घर कोरडं करताय?"

"हो."

"मला वाटलं, पुढच्या आठवड्यात येताय तुम्ही."

"उन्हाळा लागला की येऊ," मिस्त्री म्हणाले. "फोन बंद करू नका. मला ऐकायचंय."

चाक आवळल्याचं किरकिरणं ऐकू आलं. ते गंजलेलं होतं; निघण्याआधी तेल घालायला हवं होतं. मग नर्सबाईंची पावलं, स्वतःच्या घराच्या दाराचा आवाज, तो मिस्त्रींनी लगेच ओळखला. एक नळ उघडला. दुसरा. मग हिरवा नळ सुटला आणि त्याखालच्या दगडावर पाणी आपटू लागलं. जाड धार होती. हळूहळू ती बारीक झाली, सुतळीएवढी झाली, मग तुटून तुटून पडू लागली. शेवटी पाइपातून हवा आली, जरा गुरगुरली, आणि घर गप्प झालं.

"झालं," नर्सबाई म्हणाल्या. "आता काही येत नाही."

"थोडं थांबा," मिस्त्री म्हणाले. ते आणखी थोडा वेळ फोन कानाशी धरून उभे राहिले. एक थेंब पडला. मग काहीच नाही. "आता नळ उघडेच राहू द्या. कुलूप लावा. आणि नर्सबाई, आमच्या कपाटावर एक पत्र्याचा डबा आहे, तेवढा पार्सलने पाठवून द्या. सुईदोऱ्याचा."

ते आत आले. बायको मान खाली घालून कोटावर वाकली होती. तिच्या हातातली सुई चालत नव्हती. मग तिने डाव्या हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं आणि सुई व दोरा त्यांच्यापुढे धरला.

"ओवून द्या जरा," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये."

मिस्त्री तिच्याजवळ खाली बसले. सुई उजेडाकडे धरून त्यांनी डोळे बारीक केले. पहिल्यांदा दोरा बाजूने गेला, दुसऱ्यांदाही गेला. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि पुन्हा ओवायला घेतला.